पिवळा चिमटा

"चिमटा कुठाय?" ऑटमारने विचारलं.

"तुझ्याच कॉलरला. पिवळा."

ऑटमारने चाचपून खात्री केली. डोळे गेल्यापासून त्याचा कुणाच्या शब्दावर विश्वास उरला नव्हता. बुर्कहार्डच्या शब्दावर तर आधीपासूनच नव्हता.

वास्सरकुप्पे डोंगराच्या पश्चिम उतारावर मॉडेल ग्लायडर उडवणाऱ्यांना नियम एकच. फळीवरून आपल्या चॅनेलच्या रंगाचा चिमटा काढायचा, कपड्याला लावायचा, मगच हातातला रेडिओ ट्रान्समीटर चालू करायचा. एका चॅनेलचे दोन ट्रान्समीटर एकदम चालू झाले, की वरचं ग्लायडर कुणाचंच ऐकत नाही. दगडासारखं खाली येतं. इथल्या बहुतेकांनी कधी ना कधी आपल्या ग्लायडरचे तुकडे पिशवीत भरून घरी नेले होते.

बुर्कहार्डच्या हातातलं हे ग्लायडर ऑटमारने तरुणपणी बांधलेलं. पुढे ते कोठारात उंदरांच्या तावडीत सापडलं. बुर्कहार्डने दोन हिवाळे खर्ची घालून पंखांच्या फासळ्या नव्याने कापल्या, वर रेशीम चढवलं. करार तोंडी होता. ऑटमारने एकदा स्वतःच्या हाताने उडवायचं, उतरवायचं. मग ते बुर्कहार्डचं.

"उरेल ते," ऑटमारने तेव्हा हसत पुस्ती जोडली होती.

आंधळ्याच्या हातून काय उरणार, याचा अंदाज बुर्कहार्डला होता. म्हणून काल ऑटमारच्या ट्रान्समीटरमध्ये त्याने गुपचूप संपलेले सेल घातले. वजन तेवढंच, जीव नाही. आणि आज स्वतःच्या कोटाआड, गळ्यात अडकवलेला दुसरा ट्रान्समीटर, त्याच चॅनेलचा. म्हाताऱ्याचं समाधानही होणार होतं, ग्लायडरही वाचणार होतं. यातलं आपल्याला जास्त कशाचं पडलंय, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

"चालू कर," बुर्कहार्ड म्हणाला.

"केला."

बुर्कहार्डने ग्लायडर वाऱ्यावर सोडलं. ते जरा डगमगलं, मग उतारावरच्या वाऱ्याने त्याला उचलून धरलं.

"कुठंय?"

"दरीवर. थोडं उजवीकडे घे."

ऑटमारने ट्रान्समीटरची कांडी ढकलली. कोटाआड बुर्कहार्डनेही.

"डावीकडे ओढतंय का अजून? जन्माची खोड आहे त्याला."

"नाही रे. मी... तू अगदी सरळ धरलंयस."

"माझं कौतुक तुझ्या तोंडून? बरा आहेस ना?"

बुर्कहार्ड हसला. वर उन्हात रेशमाआडच्या फासळ्या एकेक मोजता येत होत्या. असं काही त्याला पुन्हा बांधता आलं नसतं. आता वयाने हात थरथरायला लागले होते.

"रेशमात ऊन शिरलंय?" ऑटमारने विचारलं.

"शिरलंय."

"हं." तो बराच वेळ पंखांची शीळ ऐकत राहिला.

"पुरे आता," बुर्कहार्ड म्हणाला. "गवतावर घेऊ. सावकाश."

ऑटमारने कांड्यांवरून दोन्ही हातांची बोटं उचलली. ग्लायडर तरीही सुरेख वळलं.

"वळताना नाक खाली सोडतोस," ऑटमार म्हणाला. "शीळ चढते. तुझी जुनीच सवय."

बुर्कहार्डने कोटाआडच्या कांडीने घाईघाईने नाक वर घेतलं.

"सकाळी सेल जिभेला लावून बघितले. चवच नव्हती. नवे घातलेत." ऑटमारने मान वर केली, जणू दिसतच होतं. "उडवलंस छान. पण उतरवायचं माझ्याकडे ठरलं होतं," तो म्हणाला, आणि इतका वेळ बंद ठेवलेला ट्रान्समीटरचा खटका अंगठ्याने पुढे सरकवला.