मलमलचा पडदा

"पेटीवरनं ऊठ," बाबा म्हणाले. "उद्या प्रयोग आणि जाळीचा पडदा उंदरांनी खाल्लाय. आईची मलमलची साडी काय पेटीत कुजवणारेस?"

"दुसरं फडकं बघा. तिच्या साडीला हात लावायचा नाय."

"ती असती तर स्वतः फाडून दिली असती."

ते खरं होतं. चक्का बांधायला तिनं अशीच एक फाडली होती. मी उठलो.

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला पडदा तिच्या साडीचाच. नाटकात नायकाची मेलेली आई पडद्यामागे दिसते. ते काम मावशी करते. समोरचा दिवा मालवून मी मागचा लावला की साडी नाहीशी होते आणि धूसर खांदे दिसतात, अगदी आईचे. मावशीचं बोलणं संपलं की दिवा बंद करायचा असतो. मी उशीर करतो. एरवी शिव्या घालणारे बाबा तेव्हा गप्प असतात.

तिसरी घंटा झाली, मला जायला हवं.