मुरलेली वाइन

बाळाचं अंगावरचं दूध सुटलं, तशी इत्सियार दोन वर्षांनी पहिल्यांदाच वाइन प्यायला द्राक्षमळ्यांच्या हारो गावातल्या वाइनच्या एका नावाजलेल्या तळघरात आली. एक घोट घेऊन तिने वाइनमध्ये घालायला गोड सोडा मागितला. घरी जेवताना सगळे तसंच तर पितात!

“सोडा? अहो बाई, बारा वर्षं मुरलीय ही!” मालक फेर्मीन कडाडले. बाकीचे पाहुणे फिदीफिदी हसले.

“मुरली असेल. प्यायची मला आहे ना?” तिने बाळाच्या दुपट्यांच्या पिशवीतून सोड्याची बाटली काढली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ग्लासात ओतली.

तेवढ्यात फेर्मीनची म्हातारी आई काठी टेकत आली आणि तिने आपला ग्लास पुढे केला.

 

“मलाही घाल गं पोरी. या कार्ट्यामुळे चाळीस वर्षं स्वयंपाकघरात लपून अशीच पितेय!”