फुकटचा पाळणा

बारशाला वैजयंती आत्या बाळाच्या कानाशी वाकली, तेवढ्यात कंपनीकडून फुकट मिळालेला पाळणाच गोड आवाजात बोलला, "अन्वय, तुझ्यासाठी खास दुपटी, आज निम्म्या किमतीत."

जमलेल्या बायका पाळण्याकडे वळल्या. नाव ठेवायचा मान आत्याचा, त्यासाठी ती चिपळूणहून आली होती.

"याला हे नाव कुणी सांगितलं रे?" तिनं भावाला विचारलं.

"कुणी नाही, ताई. आम्ही दोघांनी इथंच बसून ठरवलं होतं," तो ओशाळून म्हणाला.

आत्यानं सुस्कारा टाकला, बाळाला उचलून गच्चीवर नेलं आणि त्याच्या कानात दुसरंच नाव सांगितलं.

खाली येताच सगळ्यांनी विचारलं, "काय ठेवलं?"

आत्यानं तोंड उघडलं, तसा रिकामा पाळणा झुलायचा थांबला. तिनं मुकाट्यानं घुगऱ्या वाटायला घेतल्या.