गोजरबाईंच्या हाताचा गुण

"दुपारच्याला त्या डबड्याला हात लावत जाऊ नको, साधना. लेकराच्या झोपंची येळ ऱ्हाती," गोजरबाई म्हणाल्या होत्या. साधनाने सासूबाईंचं बोलणं हसण्यावारी नेलं. कॉम्प्युटरचा आणि झोपेचा काय संबंध?

आता बारशाचा व्हिडिओ उतरवताना आणखी एक डिस्क वाया गेली होती.

डिस्क माहेरी, वाटूरला जायची होती. साधनाचे आजोबा धर्मराज खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडले होते, म्हणून पणतीचं बारसं त्यांना बघायला मिळालं नव्हतं. मोबाइलवरची माणसं त्यांना मुंग्यांएवढी दिसत, आणि घरातल्या जुन्या टीव्हीला फक्त डिस्कचा प्लेअर जोडलेला. "नाव ठेवताना पोरीनं डोळे उघडले का गं?" प्रत्येक फोनवर ते एवढंच विचारत.

साधनाचा नवरा भारत संध्याकाळी एमआयडीसीतून सुटला की मोटारसायकलवर तिकडे निघणार होता. कोरी डिस्क एकच उरली होती. जालन्यात हल्ली ती कुणी विकत नाही. एका फोटोवाल्याने कपाटामागून शोधून दिली होती.

तिने भावाला, सोमेश्वरला, फोन लावला. या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स त्यानेच टाकलं होतं आणि मग तो पुण्याला निघून गेला होता.

"स्पीड कमी केलास का, ताई?"

"केला. तरी शेवटाला येऊन मरतं. आणि आतला पंखा गिरणीसारखा फिरतो. मी येऊन बघते तर प्रोसेसर एकदम शांत. स्वयंपाकघरात गेले की परत भर्रर्र."

"तू समोर असलीस की शहाणं, उठलीस की उंडारतं. लहानपणी तू अभ्यासाला बसायचीस, तसंच."

साधनाला हसू आलं नाही. "व्हायरस असेल का रे? कॅमेऱ्यातून कुणी लेकराला बघत तर नसेल?"

"त्याला कॅमेराच न्हाई, ताई."

तिने मागे वळून बघितलं. खोलीत दोन झोळ्या होत्या. एकीत तिची राजनंदिनी, दुसरीत शेजारच्या सुरेखाचा प्रेम. दोघंही गाढ झोपलेली. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, गोजरबाईंच्या हाताला गुण आहे. न्हाऊ घालून ओव्याची धुरी दिली, झोळीत घालून कपाळावरून हात फिरवला, की कसलंही रडकं लेकरू गपगार. सुरेखा तर प्रेमला रोज इथेच आणून टाकायची. घरी तो दुपारभर डोळ्याला डोळा लावत नसे.

साधना उठली, लेकीच्या नाकापाशी बोट धरलं. श्वास चालू होता. दिवसातून कितीदा तरी ती हे बघायची.

परत येऊन तिने माऊसवरची राख ओढणीने पुसली. धुरीची राख कुठं कुठं उडते!

"थांब," सोमेश्वर म्हणाला. "तू उठून जाताना कॉम्प्युटरचा पडदा बंद करतेस का?"

"सासूबाई करतात. लेकराच्या डोळ्यावर उजेड येतो म्हणतात."

"मंग आत काय चाललंय ते दिसणार कसं? स्क्रीनसेव्हर कोणता लागलाय बघ."

तिने सेटिंग उघडलं. मत्स्यालय. रंगीत मासे, बुडबुडे, हलणारं शेवाळ.

"सापडला चोर! त्या बिचाऱ्याला ग्राफिक्स कार्ड न्हाई. एकेक मासा प्रोसेसरलाच काढावा लागतो. डिस्कला माल वेळेवर पोचत न्हाई, डिस्क खराब. तू माऊस हलवलास की मासे गायब."

"पण लावले कुणी?"

"मी तर साधा काळा पडदा ठेवला होता. अपडेटबरोबर आले असतील."

साधनाने मासे बंद केले आणि शेवटची डिस्क आत सरकवली. दारात गोजरबाई उभ्या होत्या.

"काय करून राह्यलीस?"

"मासे काढून टाकले, आई."

"काहून? गरीब मासे, कुणाचं काय खात होते?"

साधनाचं लक्ष पडद्यावर होतं. निम्मं झालं. खोली इतकी शांत झाली की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं.

प्रेमने आधी कुरकुर केली. मग राजनंदिनीने भोकाड पसरलं. गोजरबाईंनी दोन हातांनी दोन झोळ्या हलवल्या, कपाळावरून हात फिरवला, अंगाई म्हटली. काही उपयोग नाही. आवाज ऐकून सुरेखा धावत आली.

"काकू, आज काय झालं? तुमच्या हाती तर कधीच रडत न्हाई."

"दिष्ट लागली बाई, दिष्ट!"

साधनाचा जीव झोळीकडे ओढत होता, पण ती खुर्चीवरून हलली नाही. अखेर ट्रे बाहेर आला. तिने डिस्क लावून बघितली. आत्या कानात नाव सांगतेय, आणि राजनंदिनीने टक्क डोळे उघडले. आजोबांना उत्तर मिळणार होतं.

"झाली, आई!"

"झाली ना? मंग जल्दी मीठ-मोहऱ्या आण. सुरेखा, तू चुलीतला निखारा बघ माझ्या मागल्या अंगणात. जा दोघी."

मोहऱ्यांचा डबा सापडायला साधनाला जरा वेळ लागला. ती परतली तेव्हा दोन्ही झोळ्या शांत होत्या. गोजरबाई डोळे मिटून हलकेच झोका देत होत्या.

"बघा!" सुरेखा पुटपुटली. "मोहऱ्यांचीबी गरज पडली न्हाई. हाताचा गुण तो हाताचा गुण."

"हात लागतो बाई," गोजरबाई म्हणाल्या.

साधना कॉम्प्युटरपाशी गेली. पंखा भर्रर्र फिरत होता. नुकत्याच पुसलेल्या माऊसवर राखेची ताजी बोटं होती. तिने फक्त पडद्याचं बटण दाबलं. मासे पोहत होते.

तुमच्या घरातही कुणाच्या हाताला असा गुण असेल, तर लेकरू झोपल्यावर एकदा हळूच त्यांच्याकडे बघून या. माऊसला तेवढा हात लावू नका.