इज्जतीचं कै.

अंबरपेठच्या नागोरावांनी वारलेल्या बायकोचा पानाचा डबा म्युझियमला दिला तो काचेखाली आपलं नाव झळकावं म्हणून. प्रदर्शनाच्या दिवशी कोट घालून जातात, तर पाटीवर 'कै. नागोराव, कै. चतुराबाई'! लोक हात जोडत होते, पण डब्याला. नागोरावांच्या नमस्काराकडे वॉचमनसुद्धा बघेना. घाबरून त्यांनी पाटी लिहिणाऱ्या नातीला गाठलं. "पिंके, मी मेलोय का गं?" "कायकू आजोबा? जुन्या फोटोंवर सगळ्यांच्या नावाआधी कै. असतंय. मला वाटलं इज्जतीनं लावतात." "अगं, कै. म्हणजे मेलेला! माझं पूस आधी!" जीभ चावून पिंकीनं घाईघाईत ओल्या रुमालानं दोघांचंही कै. पुसून टाकलं. लगेच वॉचमन दचकला, "अरे चाचा, तुम कब आये?" नागोरावांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात काचेआड अडकित्ता कट्कन वाजला. मागून ओळखीचा आवाज आला, "डबा कुणाला विचारून दिलात?"