फाउस्तिनोचं वाक्य

ओरुरोच्या आमच्या कथलाच्या खाणीत छत कोसळून फाउस्तिनो गेला. वर्षभराने कंपनीने खाणीच्या तोंडाशी त्याच्या आठवणीचा दगड बसवला आणि त्यावर त्याचंच वाक्य कोरलं, ‘खाण माझी आई आहे.’ टाळ्या आम्हीही वाजवल्या.

त्याची बायको प्रिमितिवा तेवढी उठून उभी राहिली.

“साहेब, तो म्हणायचा, ‘खाण माझी आई आहे, पण छताला टेकू लावा, नाहीतर हीच आई आम्हाला गिळेल.’ पुढचं कुठे गेलं?”

“अहो बाई, दगड तो केवढासा!” कंपनीचा इंजिनिअर हसला. “सगळं कसं मावणार?”



त्याच दगडावर खाली मॅनेजरसाहेबांचं नाव, हुद्दा आणि ‘यांच्या शुभहस्ते’ मात्र चार ओळींत ऐसपैस मावलं होतं.