खाली नको

"ये 'खाली नको' क्या है?" भसीनसाहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं.

नोएडाच्या त्या थंडगार मीटिंग रूममध्ये विनयाने पडद्याकडे पाहिलं. लसींचे फ्रिज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधलं ते फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, तिने लिहिलेला. जावास्क्रिप्टच्या प्रत्येक फंक्शनला एक चिठ्ठी जोडायची, ही टीमची रीत. त्यात लिहिणाऱ्याचं नाव आणि कधीही मोडू नये अशी अट. अट वाचून तपासणी बसवायचं काम टीम लीड मानसचं. दोघंही मराठी, म्हणून अटी मराठीत. परमुलखात तेवढंच बरं वाटायचं.

तापमान दोन अंशांच्या खाली गेलं की लस बाद. आकडा तिने मानसला तोंडी सांगितला होता. चिठ्ठीत फक्त 'खाली नको'. दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेल्या मानसने घाईत 'नको' मराठीत वाचलं आणि 'खाली' हिंदीत. त्याची तपासणी एवढंच बघत बसली, की किमान तापमानाचा रकाना रिकामा नाही ना. काल कुणीतरी दोनच्या जागी उणे दोन भरलं. रकाना काही रिकामा नव्हता. एका दवाखान्यातल्या पोरांच्या सगळ्या लसी गोठून वाया गेल्या.

"सर, मराठी में 'खाली' मतलब नीचे," विनया म्हणाली. "मैंने मानस को बताया भी था."

साहेब मानसकडे वळले. "तुम भी तो मराठी हो. बताओ."

विनयाचा जीव भांड्यात पडला. घरी आईने याला शंभरदा 'खाली बस' म्हटलं असेल. आता हा सांगेल.

मानसने पाण्याचा घोट घेतला. "खाली मतलब खाली, सर. एम्प्टी. चिठ्ठी में जो लिखा था, मैंने वही चेक लगाया."

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणे. इथे तर चोरालाच साक्षीला बोलावलं होतं.

"चिठ्ठी पर नाम किसका है?" साहेबांनी विचारलं. उत्तराची गरज नव्हती, नाव सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी लॅपटॉप मिटला. "विनया, आज ही हैंडओवर कर दो. कल से मत आना."

बॅग घेऊन ती लिफ्टपाशी उभी राहिली. तिने लिफ्टचं बटण दाबलं. मागून मानस धावत आला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला,

"विनया, अशी नको ना जाऊस यार. चल, खाली जाऊन चहा घेऊ."